कॅमेरा घ्यायची वेळ आली का? आधी फसलेले पन्नास फोटो तपासा

कॅमेरा घ्यायचा की नाही, याचं उत्तर तुमच्या फसलेल्या फोटोंत असतं. चांगल्या फोटोंवरून फारसं काही कळत नाही. उजेड छान असला, समोरचा माणूस खुलून हसला, की मोबाइलवरही सुरेख फोटो येतो. फोटो का बिघडला हे ज्याला नेमकं सांगता येतं, आणि ते कारण मोबाइलच्या मर्यादेपाशी जाऊन थांबतं, त्याची कॅमेऱ्याची वेळ आली. ‘मोबाइलवर आता मजा येत नाही’ एवढंच सांगता येत असेल, तर अजून थोडं थांबावं. पुढचं सगळं लेन्स बदलता येणाऱ्या पहिल्या कॅमेऱ्याबद्दल आहे. स्वतःसाठी घेणाऱ्यांना ते लागू आहेच, पण मुलाने किंवा मुलीने कॅमेऱ्याचा हट्ट धरलाय अशा आई-बाबांनाही त्याचा उपयोग होईल.

आधी तीन ठिकाणी जा

इंदूरकरांना परीक्षेसाठी तीन जागा आयत्या मिळाल्या आहेत: सकाळचा राजवाडा, रात्रीचा सराफा आणि हिवाळ्यातला सिरपूर तलाव. तिन्ही ठिकाणी मोबाइलचं वेगवेगळं दुखणं उघडं पडतं. दोन-तीन रविवार काढून तिन्हीकडे मिळून साधारण दोनशे फोटो काढा. नियम तीनच: फिल्टर नको, बोटांनी चिमटीत ताणून झूम नको, आणि फसलेला फोटो डिलीट करायचा नाही. तोच आपला माल आहे.

राजवाड्यासमोर सकाळी लवकर उभे राहा. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. आभाळ उजळलेलं असतं तेव्हा गॅलऱ्यांखाली अजून काळोख असतो. हा उजेड-सावलीचा फरक मोबाइल एकामागून एक काढलेली अनेक चित्रं एकमेकांत मिसळून सांभाळतो, आणि बऱ्यापैकी सांभाळतो. इथे बहुतेक फोटो वेगळ्याच कारणाने बिघडतात: सगळा वाडा चौकटीत बसवायला मोबाइल वर तिरपा केला की भिंती आत झुकतात. मागे सरकून, मोबाइल सरळ धरून तोच फोटो पुन्हा काढा. भिंती सरळ उभ्या राहिल्या, तर चूक उभं राहण्याच्या जागेची होती.

सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याची दुकानं मांडली जातात. साडेनऊ-दहाला जा. जिलेबी पाडणारा हात, भुट्ट्याच्या किसावरची वाफ, तव्यावर परतले जाणारे गराडू (एक प्रकारचा कंद), असं सतत हलणारं काहीतरी निवडा. ‘भैया, एक फोटो काढू का?’ असं विचारा. नाही म्हणाले तर पुढच्या दुकानापाशी जा.

सिरपूरला उन्ह चढायच्या आत पोहोचा. पाण्यावरचे वारकरी, टिबुकल्या हे पाणपक्षी मोबाइलमध्ये काळ्या ठिपक्यांएवढ्याच दिसतील. दिसू द्या.

वहीत कारण लिहा

दोनशेपैकी ज्यांनी निराशा केली असे पन्नास फोटो वेगळे काढा. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर नको, कंप्युटरवर किंवा टीव्हीवर मोठे करून बघा, आणि प्रत्येकासमोर एकच कारण लिहा. कारणं साधारण सात: हात हलला, समोरचा हलला, फोकस चुकला, अंधारात चित्र दाणेदार किंवा मेणचट झालं, विषय फार लांब होता, उजेड-सावलीचा फरक झेपला नाही, आणि चौकट किंवा क्षण चुकला.

पहिल्या तिघांत फार गल्लत होते, म्हणून ओळखायची खूण सांगतो. जिलेबीवाल्याच्या मागची पाटी बघा. पाटीवरची अक्षरंही त्याच दिशेने ओढल्यासारखी दिसत असतील, तर तुमचा हात हलला. पाटी स्वच्छ वाचता येते आणि फक्त त्याचा हात पुसट झालाय, तर समोरचा हलला. पाटी स्वच्छ, हातही थांबलेला, पण चेहरा मऊ दिसतो, म्हणजे फोकस पाटीवर गेला. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत आणि त्यातले सगळे उपाय कॅमेऱ्यात नाहीत. हात हलत असेल तर कोपरं छातीशी टेकवून, श्वास सोडताना बटण दाबायची सवय मोबाइलवरच लावता येते.

‘मेणचट’ म्हणजे काय, तेही जवळून बघा. रात्री मोबाइल दाणे पुसून टाकतो, पण त्यांच्याबरोबर बारीक तपशीलही पुसला जातो. जिलेबीच्या कडेवरचा पाकाचा चकचकीत थेंब, दाढीचे केस, कापडाची वीण, सगळं एकसारखं गुळगुळीत होतं. हा दोष तुमचा नाही, प्रकाश टिपणाऱ्या छोट्या सेन्सरचा आहे.

आता मोजा. ‘चौकट किंवा क्षण’ हे कारण पंचवीसपेक्षा जास्त फोटोंसमोर असेल, तर कॅमेरा घेऊ नका. या चुका कॅमेरा सुधारत नाही. उलट त्या अधिक ठळक आणि अधिक मेगापिक्सेलमध्ये दाखवतो. आणखी दोन महिने मोबाइलवर एकाच लेन्सने, जाळीच्या रेषा पडद्यावर चालू ठेवून सराव करा, आणि पुन्हा पन्नास काढा. समोरचा हलला, मेणचट झालं, लांब पडलं, या तीन कारणांची बेरीज पंधरा-वीसच्या वर गेली, तर तुमची तक्रार रास्त आहे. पुढे वाचा. मधल्या आकड्यात असाल तर आधी भाड्याने घेऊन बघणं उत्तम. ते पुढे येईलच.

कॅमेरा नेमकं काय देतो

चांगल्या मोबाइलच्या मुख्य सेन्सरचं माप साधारण ९.८ बाय ७.३ मिलिमीटर असतं. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतो तो एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ पाचपट. फुल फ्रेम ३६ बाय २४, म्हणजे एपीएस-सीच्याही सव्वादोनपटीहून थोडा मोठा. मोठ्या सेन्सरवर एकाच फोटोत जास्त प्रकाश गोळा होतो, त्यामुळे मोबाइलसारखी अनेक चित्रं एकमेकांत मिसळावी लागत नाहीत. हलणाऱ्या हाताचा एकच, स्वच्छ क्षण पकडता येतो तो यामुळे.

पण यात एक मेख आहे, आणि नवे कॅमेरावाले इथेच खट्टू होतात. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स ५० मिलिमीटरच्या आसपास (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं) नेली की तिचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, साधारण एफ ५.६ पर्यंतच उघडतं; एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. एफ १.८ च्या लेन्समधून जेवढा प्रकाश आत येतो, त्याचा हा जेमतेम दहावा भाग. सराफ्यात एफ १.८ ला १/१०० सेकंद शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) ठेवून आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० वर काम भागत असेल, तर किट लेन्सला त्याच शटरसाठी १६००० लागेल. इतक्या आयएसओवर एपीएस-सी सेन्सरही दाणे सोडतोच. मग ‘माझ्या मोबाइलचा फोटो याच्यापेक्षा बरा होता’ असं वाटतं, आणि स्थिर विषयापुरतं ते खरंही असतं. थोडक्यात, रात्रीच्या तक्रारीसाठी कॅमेरा घेत असाल तर ३५ किंवा ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्सचे पैसे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. ते नसतील तर कॅमेरा पुढे ढकला.

उघड्या तोंडाच्या लेन्सची आणखी एक अट असते. ५० मिलिमीटर, एफ १.८, एपीएस-सी आणि विषय एक मीटरवर असेल, तर सगळा मिळून जेमतेम तीन सेंटीमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. झाऱ्यावरची जिलेबी स्पष्ट आली तर मागचा चेहरा सुटणार. दोन मीटरवर गेलात की पट्टा अकरा-बारा सेंटीमीटरचा होतो आणि हात-चेहरा दोन्ही सांभाळता येतात. म्हणून सुरुवातीला एक पाऊल मागे.

लांबच्या विषयाचा हिशेब आणखी कडक आहे. वारकरी पक्षी साधारण ३८ सेंटीमीटर लांब. तो ४० मीटरवर पोहत असेल, तर ५० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही, म्हणजे चौकटीच्या रुंदीच्या दोन टक्के. २५० मिलिमीटरला ती दहा टक्क्यांवर जाते; २४ मेगापिक्सेलच्या फोटोत सहाशे पिक्सेल. ओळख पटते, पण भिंतीवर लावायचा फोटो होत नाही. पक्षी हाच मुख्य ओढा असेल तर पैशांचा मोठा वाटा लेन्सला द्या आणि बॉडी साधी घ्या. तरंगत्या पक्ष्याला १/५००, उडत्याला १/२००० शटर लागतं, ते सकाळच्या उन्हातच परवडतं.

तीन आकड्यांची तोंडी परीक्षा

कॅमेरा हातात घेण्याआधी शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांचं नातं तोंडपाठ हवं. पाठांतर म्हणजे व्याख्या नव्हे. गणित यायला हवं. भर दुपारच्या उन्हात आयएसओ १००, एफ ८, १/४०० हे बरोबर बसतं. आता समोरून धावत्या मुलासाठी १/१६०० हवं. काय बदलाल? शटर चारपट वेगवान म्हणजे प्रकाश दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). मग एफ ८ वरून एफ ४ ला या, किंवा आयएसओ ४०० करा. अ‍ॅपर्चरची मालिका १.८, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी, २.८ पासून पुढे प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. हे उत्तर दहा सेकंदांत सुचत नसेल तर कॅमेरा ऑटोवरच फिरणार. आणि सराफ्यात ऑटोवर ठेवलेल्या, वर फ्लॅश असलेल्या काही कॅमेऱ्यांचा फ्लॅश फटकन वर येतो, वाफ पांढरी चुन्यासारखी उजळते आणि मागचा सगळा बाजार काळाठिक्कर होतो.

ज्या मोबाइलमध्ये प्रो मोड आहे त्यावर यातल्या दोन आकड्यांचा सराव फुकट होतो. बहुतेक मोबाइलचं अ‍ॅपर्चर स्थिर असतं, पण शटर आणि आयएसओ हाताने बदलता येतात. रोज संध्याकाळी एकच वस्तू घ्या, समजा देवघरातली समई. पहिल्यांदा १/३०, मग १/१२५, मग १/५००, आणि दर वेळी आयएसओ चौपट करत न्या. उजेड तिन्हीत सारखा यायला हवा. वातीच्या ज्योतीचा आकार कसा बदलत जातो ते बघा, शटरचा अर्थ डोळ्यांना कळेल.

शटरची आणखी एक अडचण बाजारातच दिसते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर १/५०० वर नेलं की चित्रात आडवे काळपट पट्टे येतात, किंवा लागोपाठच्या दोन फोटोंचा रंगच वेगळा निघतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. कॅमेऱ्यात फ्लिकर (दिव्यांचं हे मंद-तेज होणं) कमी करण्याची सोय असेल तर चालू करा, आणि आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटर तिथे वापरू नका.

बाटली आणि कंप्युटर

एंट्री लेव्हल बॉडी आणि किट लेन्स मिळून वजन पाचशे ते सातशे ग्रॅम भरतं. म्हणून ही परीक्षा: पाण्याने भरलेली अर्धा लिटरची बाटली दोन आठवडे रोज सोबत ठेवा. ऑफिसला, भाजीला, छप्पन दुकानवर खायला जाताना, लग्नाला. तिसऱ्या दिवसापासून ती घरी राहायला लागली, तर कॅमेराही कपाटातच राहील. या एका गोष्टीमुळे जितके कॅमेरे ओएलएक्सवर जातात, तितके तांत्रिक कारणांनी जात नसावेत असं आमचं मत आहे.

दुसरी बाजू फायलींची. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद) साधारण २५ ते ३० एमबीची. एका फेरीत दोनशे फोटो म्हणजे पाच-सहा जीबी. वर्षात चाळीस फेऱ्या केल्या तर दोनशे जीबीच्या वर. १ टीबीची हार्ड डिस्क चार वर्षं पुरेल, पण डिस्क दोन हव्यात, कारण एक पडली की सगळं गेलं. कंप्युटरला ८ जीबी रॅम हे किमान, १६ असेल तर काम अडत नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे फुकट मिळणारे प्रोग्रॅम शिकायला पुरेसे आहेत. मुख्य खर्च वेळेचा असतो: दोनशेतून दहा निवडून त्यांचा उजेड-रंग नीट करायला तास-दीड तास जातो. आठवड्यात तो वेळ कुठून येणार, हे आधी ठरवा. रॉ फाइल उघडली की ती मोबाइलच्या फोटोपेक्षा फिकी दिसते. कारण तिच्यावर कसलेच संस्कार झालेले नसतात. ते तुम्ही करायचे असतात.

विकत घेण्याआधी भाड्याने

शनिवार-रविवारसाठी कॅमेरा भाड्याने मिळतो. ओळखपत्राची प्रत आणि अनामत रक्कम ठेवावी लागते. ताब्यात घेताना दुकानदारासमोरच बॉडीवरचे ओरखडे, लेन्सची काच आणि माउंट (लेन्स बसते ती कडी) यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सोबत एफ १.८ लेन्स मागून घ्या.

पहिली संध्याकाळ घरात. डावा तळवा लेन्सखाली, उजव्याने पकड, कोपरं अंगाशी. शटरचं बटण अर्धं दाबून फोकस पक्का होतो आणि मग पूर्ण दाबायचं, हे बोटाला शंभर वेळा शिकवा. नवशिक्यांचे निम्मे फोकस इथेच चुकतात, कारण मोबाइलच्या सवयीने बटणावर एकदम टिचकी मारली जाते. फोकसचा चौकोन एकच ठेवा आणि तो हाताने सरकवा.

मग तीच तीन ठिकाणं. राजवाड्यासमोर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), एफ ८, आयएसओ १००. सराफ्यात मॅन्युअल, एफ १.८, १/१००, आयएसओ ऑटोवर पण वरची मर्यादा ६४००. दिव्यांच्या माळा चौकटीत आल्या की कॅमेरा गोंधळतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने (फोटोचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय) हवा तेवढा फरक करा. चेहरे काळवंडले तर +०.७, दिवे आणि पाक फाटून पांढरे झाले तर -०.७. कढईच्या अगदी जवळ जाऊ नका. तेलाची वाफ काचेवर बसली की सगळ्या फोटोंवर धुकं येतं आणि ते घरी येईपर्यंत लक्षात येत नाही.

सोमवारी पुन्हा वही काढा. फसलेले पन्नास, कारणं तीच सात. समोरचा हलला आणि मेणचट या रकान्यांतले आकडे निम्म्याने खाली आले, तर खरेदीला हरकत नाही. फोकसचा आकडा वाढलेला असेल. पहिल्या दोन दिवसांत तो सगळ्यांचाच वाढतो, त्याने घाबरू नका. आकडे जागचे हलले नाहीत तर आणखी एकदा भाड्याने घ्या. एका भाड्याची रक्कम कॅमेऱ्याच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

काय घ्यावं

कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आणलेला नाही. त्यांचं सगळं लक्ष मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळलं आहे. नवा घेत असाल तर मिररलेस घ्या: कॅननचा आर५०, निकॉनचा झेड३० किंवा झेड५०, सोनीचा ए६४००, अशा वर्गातला. यांतल्या झेड३० ला डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर नाही. दुपारच्या उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून फोटोंसाठी घेणाऱ्यांनी तो टाळावा. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर चालेल. कॅननच्या आर१०० चा पडदा स्पर्शावर चालत नाही आणि वळतही नाही, हेही घेण्याआधी हातात धरून बघा. या सगळ्या बॉडींत सेन्सर स्थिर ठेवण्याची यंत्रणा नाही, त्यामुळे हात हलण्याचा इलाज लेन्समध्ये किंवा शटरच्या वेगात शोधावा लागतो.

पैसे बेताचे असतील तर वापरलेला डीएसएलआर अजूनही शिकायला अव्वल आहे. निकॉन डी३५०० किंवा डी५६००, कॅनन २००डी मार्क २. यांच्यासाठी जुन्या लेन्सचा बाजार मोठा आहे, पण एक सापळा लक्षात ठेवा. डी३५०० आणि डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. निकॉनची ५० मिलिमीटर १.८डी ही जुनी, स्वस्त लेन्स यांच्यावर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच घ्या.

पैशांची वाटणी करताना बॉडीला निम्म्याहून जास्त देऊ नका. उरलेल्यात एफ १.८ लेन्स, व्ही३० ही वेगाची खूण असलेली ६४ जीबीची दोन कार्डं, एक जादा बॅटरी, ब्लोअर (हवेने धूळ उडवणारा फुगा) आणि डिस्क बसायला हव्यात. कार्ड अनोळखी विक्रेत्याकडून स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. नकली कार्डावर १२८ जीबी छापलेलं असतं आणि थोडं भरलं की पुढचे फोटो गायब होतात. भारतातली वॉरंटी आणि पक्कं बिल हवं. बिलावर बॉडीचा सीरियल नंबर लिहून घ्या.

वापरलेला घेताना

व्यवहार दिवसाउजेडी करा. लेन्स काढा, तिचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च धरा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही उतरली तरी नको. दोन-चार धूलिकण सगळ्याच लेन्समध्ये असतात, त्यांनी फोटोला काही होत नाही. मग एफ १६ ला, फोकस बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ब्लोअरने गेले तर ठीक. तेलकट ठिपके असतील तर सेन्सर धुवून घ्यावा लागेल, तेवढी रक्कम किमतीतून वजा करा.

वर्तमानपत्र टेबलावर पसरून ४५ अंशांतून मधल्या एका ओळीवर फोकस करा. स्पष्टता दर वेळी पुढच्या किंवा मागच्या ओळीवर सरकत असेल तर फोकस जुळलेला नाही. शटर किती वेळा पडलंय ते निकॉनच्या फोटो फाइलमध्येच नोंदलेलं असतं. कॅननमध्ये ते वेगळ्या प्रोग्रॅमने किंवा सर्व्हिस सेंटरमधून बघावं लागतं. पन्नास हजारांच्या आत असेल तर निर्धास्त, लाखाच्या वर असेल तर भाव पाडा. शेवटी बॅटरी काढून तिच्या खोबणीत हिरवट गंज आहे का ते बघा. तो पाण्याचा पुरावा असतो आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, उठून निघा.

पावसाळा आणि रंगपंचमी

हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की लेन्समध्ये बुरशी धरते, आणि इंदूरचा जुलै-ऑगस्ट नेमका तसा असतो. कॅमेरा बॅगेत किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. कापड आणि फोम ओल धरून ठेवतात. रबराची कड असलेला स्वयंपाकघरातला हवाबंद डबा, त्यात शंभर-दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहू द्या. निळे दाणे गुलाबी किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून, गार झाल्यावर परत घाला. सिलिका जेलच्या जागी तांदूळ घालू नका. त्यांचा कोंडा कॅमेऱ्यात शिरतो. एसीच्या खोलीतून दमट हवेत बाहेर जाताना कॅमेरा वीस-पंचवीस मिनिटं बॅगेतच बंद राहू द्या, नाहीतर काचेवर पाणी साचतं.

लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड खाली, पाठ वाऱ्याकडे, आणि दुसरी लेन्स आधीच हाताशी. गर्दीत आणि भटारखान्याजवळ बदलूच नका.

रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) बघितली की पहिल्याच वर्षी खाली उतरून फोटो काढायचा मोह होतो. टँकरमधून उडणारं रंगीत पाणी आणि हवेतला गुलाल या दोन्हींपुढे सुरुवातीच्या वर्गातल्या बॉडी टिकत नाहीत, कारण त्यांच्या सांध्यांना पाण्याविरुद्ध रबरी बंदोबस्त नसतो. गुलाल झूमच्या कडीत गेला की ती करकरायला लागते आणि लेन्स उघडल्याशिवाय तो निघत नाही. ओळखीच्या घराची मार्गावरची गॅलरी मिळवा, वरच्या मजल्याची. लेन्स घरूनच लावून निघा आणि परत येईपर्यंत काढू नका. बॉडीवर प्लास्टिकची पिशवी, लेन्सपाशी रबरबँड, पुढे संरक्षक काचेचा फिल्टर. घरी आल्यावर कोरडा गुलाल आधी ब्लोअरने, मग मऊ ब्रशने, आणि कण पूर्ण गेल्यावरच कापडाने. थेट कापड फिरवलं तर तोच गुलाल काचेवर सँडपेपरसारखा घासला जातो.